साठ शब्द

एरंडवण्यातलं कलादालन, मागच्या खोलीतला कुरकुरता पंखा,
आणि माझ्यापुढं टेबलावर उताणा पडलेला
एक लाकडी चेहरा.
खोक्यावर लिहिलंय : पश्चिम आफ्रिका. गाव अज्ञात. करणारा अज्ञात.
शुक्रवारी उद्घाटन. मराठी मजकूर साठ शब्दांत.
रणदिवे मॅडमनी पेन्सिलीनं बजावलंय :
‘सोपं लिही. शाळा येणार आहेत.’

पहिला खर्डा :
‘हा मुखवटा सुगीच्या नृत्यात वापरत असावेत.’
असावेत.
आमच्या धंद्यातलं सर्वांत राबलेलं क्रियापद.
त्याच्या पाठीवर बसून मी किती देश फिरून आले
कर्वे रस्ता न ओलांडता.

दुसऱ्या खर्ड्यात
कवड्या पाहून हात आपोआप वळला :
‘आपल्याकडच्या आराध्यांच्या माळांची आठवण करून देणारा…’
खोडलं.
परक्याच्या घरी जाऊन
आपल्याच मावशीचं नाक शोधायची ही सवय.
जुळलं की हायसं वाटतं,
आणि बघणं तिथंच संपतं.

तिसऱ्यात ‘आदिम’ आला.
कुठून आला ते मला माहीत आहे.
कॉलेजातला काळोख, स्लाइड सरकल्याचा खटका,
सरांचा घोटलेला आवाज.
टिचकीनं मी तो शब्द टेबलाखाली पाडला.
चपलेला चिकटला.

साडेपाचला चिमीबाई भोये फरशी पुसायला आल्या.
सुरगाण्याकडच्या. हिंगण्यात राहतात, कमी बोलतात.
काठी भिंतीला टेकवून त्या चेहऱ्यावर वाकल्या
आणि त्यांनी तो पालथा केला.
आम्ही सगळ्यांनी तो समोरून मोजला होता,
उंची, रुंदी, रंगाचे थर, भेगा.
त्यांनी आतली पोकळी पाहिली.
तिथं आडवी एक जाड दोरी, काळपट, दबलेली.
‘हे दातात धरलंय कुणी,’ म्हणाल्या.
‘रातभर धरलंय.’

मी भिंग आणलं.
खरंच. दोरीवर दातांचे खळगे,
उजवीकडे खोल,
डावीकडे एक जागा कोरी.
पडलेला दात,
अज्ञात गावातल्या अज्ञात माणसाचा.

मी लगेच, अधाशासारखी :
तुमच्या बोहाड्यातही असंच ना?
वडील सोंग घ्यायचे म्हणाला होतात…
‘नाय,’ चिमीबाई म्हणाल्या.
‘आमच्यात डोक्याला फडकं गुंडाळून बांधतात.
ह्यांचं येगळं.’
मग बादली उचलता उचलता :
‘मान मातर दुखली आसंल.’

रात्री घरी, कुकरच्या शिट्ट्या मोजत, चौथा खर्डा :
‘ज्यानं हा चेहरा घातला, त्यानं तो दातांत धरला होता.
नाचताना त्याला ओरडता येत नव्हतं.
कपाळाचा घाम मुरून आतलं लाकूड काळं पडलं आहे.
त्याचा एक दात पडलेला होता.
त्याची मान दुखत असावी.’

पुन्हा ‘असावी’.
पण ही पुस्तकातून आलेली नव्हती.
लिहिताना मी माझीच मान चोळत होते.
साठांतले बरेच शब्द शिल्लक राहिले.

‘दात काढ,’ मॅडम म्हणाल्या. ‘मानही काढ.
पालक विचारतील, पुरावा काय?’
सुगीचा पुरावा कुणीच मागितला नव्हता.
मी मान हलवली. मानधन महिनाअखेर मिळतं.

शुक्रवारी भिंतीवर लागलं :
मुखवटा. लाकूड, कवड्या, दोरी.
सुगीच्या नृत्यात वापरत असावेत.
मुलं रांगेनं आली, वाचलं, दोघांनी दात विचकून दाखवले,
बाईंनी त्यांना पुढं ढकललं.

संध्याकाळी चिमीबाई काच पुसत होत्या.
‘मानेचं लिवलं का?’
जागा नव्हती, मी म्हटलं.

त्यांनी भिंतीकडं पाहिलं.
छतापर्यंत पांढरीफटक.
‘बरं,’ म्हणाल्या,
आणि काचेच्या मागल्या बाजूला गेल्या,
तिथलं पुसायला.